“वापरलेला हिरा चुकूनही घेऊ नका” या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तोच एक मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी मामींनी पाठवला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि परवा ऑफिसमधल्या एका मुलीने पाठवला. तिचं लग्न मार्गशीर्षात आहे, अंगठीचं बजेट तीस हजार आहे, आणि तिने एका बाईंकडची वापरलेली अंगठी जवळजवळ पक्की केली होती. मेसेज वाचून घाबरून तिने त्या बाईंना नको म्हणून कळवून टाकलं आणि मग मला विचारतेय, ताई बरोबर केलं ना मी? नाही गं, घाई केलीस, आणि का ते चॅटमध्ये मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचं म्हणणं थोडक्यात सांगते. वापरून वापरून हिऱ्याची चमक जाते. जुन्या दागिन्यात हमखास खोटा किंवा लॅबमध्ये बनवलेला हिरा निघतो. जुन्या हिऱ्याला बाजारात काहीच किंमत नसते, नव्याची मात्र सोन्यासारखी वाढत जाते. सर्टिफिकेटवाला नवा हिरा डोळे झाकून घ्यावा. जुना चोरीचा निघाला तर पोलिस दारात येतात. दुसऱ्याचा हिरा लाभत नाही. आणि पैसे कमी पडत असतील तर हप्त्यांवर नवा घ्या, आजकाल “एक कॅरेटची अंगठी” पण हप्त्यात बसते. असे सात मुद्दे, खाली हात जोडलेले, “जनहितार्थ”.

मी सराफ नाही हे आधीच सांगते. पण माझे काका नाशिकच्या सराफ बाजारात पस्तीसेक वर्षं खडे बसवायचं काम करत होते, लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे, आणि २०२३ च्या दिवाळीआधी मी स्वतः वापरलेली हिऱ्याची अंगठी घेतली, माझ्याच पैशांनी, काकांना शेजारी बसवून. त्यामुळे जे लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे.

चमक जाते हा पहिला मुद्दा. माझी अंगठी नाशिकरोडच्या एका आजींची होती, ३० सेंटचा (म्हणजे ०.३० कॅरेट वजनाचा) एकच गोल हिरा, १८ कॅरेट सोनं. पहिल्यांदा बघितली तेव्हा माझाही जीव खट्टू झाला होता, हिरा नुसता काचेचा तुकडा वाटत होता, राखाडी आणि मेलेला. काकांनी आजींची परवानगी घेतली, स्टीलच्या वाटीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि अंगठी पंधरा मिनिटं त्यात टाकून ठेवली. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन हिऱ्याच्या वरून नाही, मागून, अंगठीच्या आतल्या बाजूने हलक्या हाताने घासलं आणि पाण्यावर पांढरट कण तरंगायला लागले. आजी म्हणाल्या, अगं बाई ही तर कणीक! तीस वर्षं अंगठी घालूनच पोळ्या लाटल्या होत्या त्यांनी, कणीक आणि तेलाचा थर हिऱ्याच्या पोटाशी बसला होता. धुऊन पुसून खिडकीशी धरली तर समोरच्या भिंतीवर ठिपके नाचायला लागले.

झालं होतं एवढंच. हिऱ्याला तेलकटपणा पटकन धरतो, इतका की खाणीत दगडमातीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले पट्टे वापरले जायचे, पाणी सोडलं की बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटायचे. आणि हिऱ्यात गेलेला प्रकाश खालून परत फिरून वर आला तरच तो चमकतो, खालीच थर बसला की वरून कितीही पुसा, फरक पडत नाही. खरी चमक कुठेही गेलेली नसते. जमिनीखाली शेकडो कोटी वर्षं काढून आलेली वस्तू आहे ती, तीस वर्षांच्या पोळ्यांनी तिचं काय होणार.

पण म्हणून हिऱ्याला काहीच होत नाही असंही समजू नका, हा मेसेजच्या उलट टोकाचा गैरसमज आहे आणि तो पण महागात पडतो. हिरा कठीण आहे, कठीणपणाच्या मोजपट्टीवर १० पैकी १०, म्हणजे त्याच्यावर ओरखडा जवळपास दुसरा हिराच काढू शकतो, पण ठराविक दिशांना जोराचा ठोका बसला तर त्याचा टवका उडतो. हिऱ्याचा जो मधला कडेचा पट्टा असतो, ज्याला गर्डल म्हणतात, तो पातळ असला की तिथेच उडतो. माझ्या अंगठीत भिंगातून बघताना, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखाच्या अगदी शेजारी एक बारीकसा टवका दिसला. काकांनी आजींनाही दाखवला, लपवाछपवी नको म्हणून. त्यामुळे भाव थोडा खाली आला आणि नंतर कोंदण नवं करताना काकांनी नख बरोबर त्या टवक्यावर आणलं, आता तो दिसतही नाही आणि तिथे पुन्हा मार बसायची भीतीही कमी झाली. जुन्या अंगठीत हिऱ्यापेक्षा ही नखं जास्त झिजलेली असतात, सोनं मऊ असतं ना. अंगठी कानाशी धरून टिचकी मारा, खुळखुळ आवाज आला तर हिरा ढिला आहे, घेतल्या घेतल्या नखांची टोकं भरून घ्या, हे काम फार महाग नाही पण न केलं तर हिरा नळाखाली वाहून जाईल.

आता दुसरा मुद्दा, खोटा निघतो. हा मुद्दा गंभीर आहे आणि यात काळजी घ्यायलाच हवी, पण मेसेजने सगळी भीती जुन्या मालावर ढकलली आहे आणि तिथे गणित उलटं आहे. विचार करा, आज खऱ्याच्या नावाखाली काय काय खपतं? अमेरिकन डायमंड, म्हणजे झिरकोनिया. मोइसनाइट, हिऱ्यासारखाच दिसणारा दुसरा खडा. आणि लॅबमध्ये वाढवलेला हिरा खाणीतला म्हणून. यातला मोइसनाइट दागिन्यांच्या बाजारात आला १९९८ मध्ये, आणि रंगहीन सीव्हीडी हिरे (लॅबच्या हिऱ्यांचा एक प्रकार) दुकानांतून सर्रास मिळायला लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे १९९२ सालच्या पक्क्या बिलाची अंगठी असेल आणि मधे हिरा बदललेला नसेल, तर त्यात मोइसनाइट किंवा सीव्हीडी असायचं कारणच नाही, तेव्हा तो माल बाजारात नव्हता. झिरकोनिया मात्र तेव्हाही होता, म्हणून तपासायचं हे नक्की.

झिरकोनिया पकडणं सगळ्यात सोपं. तो हिऱ्यापेक्षा बराच जड असतो, साधारण दीडपटीपेक्षा थोडा जास्त. त्यामुळे सुटा खडा जर ४.३ मिलीमीटरचा गोल असेल तर हिरा असल्यास वजन ३० सेंटच्या आसपास यायला हवं (१ कॅरेट म्हणजे १०० सेंट, आणि वजनात ०.२ ग्रॅम), तो पन्नाशीकडे गेला तर समजून जा. शिवाय डायमंड टेस्टर नावाचं पेनासारखं यंत्र असतं, ते उष्णता किती पटकन वाहून जाते ते बघतं आणि झिरकोनियावर ते वाजतच नाही. पण इथेच लोक फसतात: टेस्टर वाजला म्हणजे झालं असं धरून चालतात. साधा उष्णतेवरचा टेस्टर मोइसनाइटवरही वाजतो. त्यासाठी खड्यातून वीज वाहते का ते बघणारी दुसरी चाचणी असलेला टेस्टर लागतो, किंवा मग भिंग घ्या आणि हिऱ्यातून तिरकं बघा, मोइसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात, एका रेषेच्या दोन. काकांनी मला ते दहावीत असताना दाखवलं होतं आणि एकदा दिसलं की परत विसरायला होत नाही.

लॅबचा हिरा मात्र या कशानेच कळत नाही कारण तो खोटा नाहीच, तोही कार्बनच, तोही हिराच. तो ओळखायला हिरे तपासणारी लॅब किंवा खास यंत्र लागतं, मोठ्या सराफांकडे आता अशी यंत्रं आली आहेत. मुंबईत जीआयए आणि आयजीआय या हिरे तपासून रिपोर्ट देणाऱ्या दोन्ही संस्थांच्या लॅब आहेत, आणि आयजीआयकडून बसवलेल्या दागिन्याचाही रिपोर्ट मिळतो, हिरा काढावाच लागतो असं नाही. व्यवहार पक्का करायच्या आधी समोरच्याला सांगा, लॅबची फी मी देते, रिपोर्ट बरोबर आला तर ठरलेल्या भावाला घेते. ज्याला हे चालत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. आणि लॅबचा हिरा वापरलेला मिळत असेल तर घ्यायला हरकत काहीच नाही, छान दिसतो, टिकतो, फक्त त्याला खाणीतल्या हिऱ्याचा भाव देऊ नका. नव्या लॅब हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत इतके उतरलेत की वापरलेल्यात सोन्याचे पैसे आणि वर थोडेसे, याहून जास्त मी तरी देणार नाही.

तिसरा मुद्दा वाचून मला खरंच राग आला, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. म्हणे जुन्या हिऱ्याला किंमत नाही आणि नव्याची वाढत जाते.

माझ्या जाऊबाईंनी बंगळुरूला असताना एका मोठ्या दुकानातून ६४ हजारांची अंगठी घेतली. तीन वर्षांनी नाशिकला आल्यावर अडचणीपायी विकायला काढली. ते दुकान इथे नाही, म्हणून दुसऱ्या दुकानात गेल्या. त्यांनी फक्त सोन्याचे वजन धरून १३ हजार सांगितले. हिऱ्याचं काय विचारलं तर “मॅडम, हिऱ्याचं मोडीत काही येत नाही.” आता ही अंगठी घेताना नवीच होती! म्हणजे नवा घ्या, भाव वाढेल, हे तिथल्या तिथे खोटं पडलं. ज्या दुकानातून घेतली तिथेच बिल घेऊन गेलं तर बरीच दुकानं बरा भाव देतात, ते नाकारत नाही, पण घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी हे तरी गेलेलेच असतात, आणि अनेकदा अदलाबदलीला एक भाव आणि रोखीला त्याहून कमी. खाणीतल्या हिऱ्यांचेही भाव २०२२ च्या सुरुवातीला चढले होते, तिथून पुढची दोन-तीन वर्षं उतरतच गेले. सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव हिऱ्याला नाही, प्रत्येक खड्याचा भाव वेगळा, त्यामुळे सोनं जसं कुठल्याही पेढीवर वजनाला विकता येतं तसा हिरा विकता येत नाही. गुंतवणूक म्हणून घ्यायचा असेल तर नवा पण घेऊ नका आणि जुना पण नको.

पण मग त्या “काही येत नाही” म्हटलेल्या हिऱ्याचं पुढे काय होतं? तो कचऱ्यात जातो का? अंगठी मोडीत घातली की सोनं आटवलं जातं आणि खडा काढून पुडीत बांधून बाजूला ठेवला जातो. असे सुटे झालेले हिरे दलालांच्या हातून परत व्यापारात येतात, गरज असेल तर पुन्हा घासून पैलू नीट केले जातात, आणि नव्या कोंदणात बसतात. कोंदण नवं, डबी नवी, बिल नवं. हिऱ्याला वय नसतंच. म्हणजे तुम्ही शोरूममधून “नवा” म्हणून घेतलेला हिरा आधी कोणाच्या तरी बोटात होता की नव्हता हे तुम्हाला कळायचा काही मार्गच नसतो. ज्या क्षणी विकणारी बाई समोर असते तेव्हा तो जुना, बिनकिमतीचा, आणि घेणारी समोर आली की तोच मौल्यवान. हा मेसेज नेमका तोच समज पक्का करतो आणि त्याचा मार दोन्ही बाजूंना बसतो, अडचणीत असलेल्या विकणारीला आणि कमी पैशांत घेणारीला.

माझ्या अंगठीचे आकडेच देते. २.६ ग्रॅम १८ कॅरेट सोनं, तेव्हाच्या भावाने पावणेबारा हजारांचं. आजींना दुकानात त्यातही घट धरून दहा हजार सांगितले होते, हिऱ्याचे शून्य. मी २७ हजार दिले. तशीच, तेवढ्याच वजनाची, साधारण त्याच प्रतीची नवी अंगठी मी तीन दुकानांत विचारली होती, सगळ्यात स्वस्त ४६ हजार. म्हणजे आजींना दुकानापेक्षा १७ हजार जास्त मिळाले आणि माझे १९ हजार वाचले. पहिल्या मालकाने घडणावळ, दुकानाचा नफा आणि कर कधीच भरून टाकलेले असतात, ते परत भरायचे नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. उद्या मला विकायला लागली तरी माझं नुकसान ४६ हजार देणाऱ्यापेक्षा कमी होईल.

चौथा मुद्दा सर्टिफिकेटचा, तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा धोक्याचा. रिपोर्ट असावाच, विशेषतः ३० सेंटच्या वरच्या एकट्या हिऱ्याला. पण “डोळे झाकून” हे दोन शब्द खोडून टाका. रिपोर्टवर वजन, मापं, रंग (डी म्हणजे एकदम पांढरा, तिथून झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो), स्वच्छता, पैलूंची प्रत असं सगळं असतं, किंमत नसते. आणि मुख्य म्हणजे तो कागद एका हिऱ्याबद्दल आहे, तुमच्या समोरचा हिरा तोच आहे हे कागद सांगत नाही, ते तुम्ही जुळवून बघायचं असतं. रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाईटवर टाकून बघा. बऱ्याच हिऱ्यांच्या गर्डलवर तोच नंबर लेसरने कोरलेला असतो, दहापट भिंगातून दिसतो. तेवढ्यावरही थांबू नका, लॅबच्या हिऱ्यावर खाणीतल्या हिऱ्याचा नंबर कोरून विकायचे प्रकार तपासणाऱ्या लॅबवाल्यांनीच पकडलेले आहेत. मापं जुळवा. गोल हिऱ्यासाठी एक जुना हिशोब आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, मिलीमीटरमध्ये, आणि त्याला ०.००६१ ने गुणायचं, की कॅरेटमधलं अंदाजी वजन येतं. माझा हिरा ४.३ व्यासाचा आणि २.६५ खोलीचा, गुणून बघा, ०.३० येतं. हे अंगठी न मोडता करता येतं, फक्त काकांकडे असतो तसा बारीक मोजमापाचा गेज लागतो, कोणत्याही चांगल्या कारागिराकडे तो असतो.

आणि हॉलमार्क म्हणजे हिऱ्याचं सर्टिफिकेट नाही! हे मला दर वेळी सांगावं लागतं. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, दुकानातल्या विक्रीला १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाला, त्यामुळे जुन्या अंगठीवर तो नसणं म्हणजे अंगठी खोटी असं नाही, सराफाकडच्या कॅरेटमीटरवर सोनं तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

रिपोर्ट वाचताना बजेटवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, भाव सरळ रेषेत चढत नाही, ५० सेंट, १ कॅरेट अशा आकड्यांशी उडी मारतो. ४७ सेंटचा हिरा बोटात ५० सारखाच दिसतो आणि स्वस्त पडतो. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर जे-के रंगसुद्धा छान दिसतो, सोन्याची झाक तशीही हिऱ्यात उतरतेच, उगाच डी-ई च्या मागे लागू नका. तीव्र फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात हिरा स्वतः चमकण्याचा गुण) असेल तर भाव कमी करून मागता येतो, फक्त तो हिरा उन्हात नेऊन बघा, दुधाळ वाटला नाही तर खुशाल घ्या. आणि एकच गोष्ट कधीच घेऊ नका, चीर काचेने भरलेला हिरा. भिंगाखाली हिरा हलवला की त्या चिरेत निळसर-जांभळी झळक दिसते. कोंदण दुरुस्त करताना बर्नरचा ताप लागला की ते भरण बाहेर येतं आणि चीर उघडी पडते, मग कारागिराच्या नावाने ओरडून उपयोग नाही. काकांवर एकदा असा आळ आला होता, गिऱ्हाइकाने आधी सांगितलंच नव्हतं.

चोरीचा माल. हा मेसेजमधला एकमेव मुद्दा ज्यावर मी म्हणेन की भीती ठेवाच. चोरीचा दागिना तुम्ही पैसे देऊन घेतला असला तरी मूळ मालकाचा हक्क जात नाही, पोलिस तो जप्त करू शकतात, आणि चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा आहे. पण यावर उपाय “घेऊच नका” हा नाही. मूळ बिल मागा. बिल हरवलं असेल तर अंगठी घातलेला जुना फोटो, लग्नाच्या अल्बममधला का असेना. विकणाऱ्याच्या आधारची कॉपी, साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी पावती, त्यात वजन, सोनं, हिऱ्याचं माप, आणि पैसे बँकेतून. मी आजींना चेकने दिले आणि त्यांच्या मुलीने पावतीवर साक्षीदार म्हणून सही केली. भेटायचं ते सराफाच्या दुकानात नाहीतर घरी, रेल्वे स्टेशनबाहेर नाही. बाजारभावाच्या चौथाईत कोणी देत असेल आणि घाई करत असेल तर उठून या.

दुसऱ्याचा लाभत नाही यावर मी कोणाच्या श्रद्धेला हात लावणार नाही. आमच्याकडेही हिरा तीन रात्री उशाखाली ठेवून बघायची पद्धत आहे, माझ्या आईने ठेवायला लावला, मी ठेवला. पण “वापरलेला आहे म्हणून लाभत नाही” हे पटत नाही. आमच्याच त्र्यंबकेश्वरच्या देवाच्या अंगावरचा हिरा, ज्याला इंग्रजांनी नाशिकच्या नावावरून नासक म्हटलं, तो १८१८ ला दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हातात गेला, लंडनला विकला गेला, तिथे मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला, १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा घासून ४३.३८ कॅरेटचा केला, आणि १९७० ला लिलावात पाच लाख डॉलरला गेला. तो गेला याचं दुःख मला आहे, लहानपणी त्र्यंबकला जाताना काका ती गोष्ट सांगायचे तेव्हा मी रडायचे. पण इतके हात बदलले म्हणून तो हिरा कोणी टाकून दिला नाही. ज्या नावाजलेल्या हिऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो ते सगळे वापरलेलेच आहेत. आणि घरात सासूबाईंची कुडी सुनेला येते तेव्हा आपण त्याला आशीर्वाद म्हणतो, मग आजींनी हातावर ठेवून “सुखाने घाल गं” म्हणून दिलेली अंगठी अपशकुनी कशी?

शेवटचा मुद्दा, हप्ते आणि “एक कॅरेटची अंगठी”. इथे शब्द नीट वाचा. बहुतेक वेळा ते एकूण वजन असतं, वीस-पंचवीस बारीक हिरे मिळून एक कॅरेट. एक कॅरेटचा एकटा हिरा आणि बारक्यांची मिळून एक कॅरेट यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि या बारक्यांनाच मोडीत खरोखर जवळजवळ काही येत नाही. वापरलेल्यातही अशी झुपकेदार अंगठी घेताना बारक्या हिऱ्यांचे पैसे मोजू नका, सोनं आणि मधला मोठा खडा असेल तर तेवढाच धरा. हप्त्याचं म्हणाल तर, बजेट तीस हजारांचं आहे म्हणजे तीस हजारच आहेत. लग्नानंतर पहिलं वर्ष घरभाडं, डिपॉझिट, गॅसची जोडणी, भांडी यातच जातं, त्यात अठरा महिने अंगठीचा हप्ता कशाला? बिनव्याजी म्हणतात त्यातही प्रोसेसिंग फी बघा, आणि अंगठीचा भाव रोखीने घेतल्यावर किती कमी होतो ते त्याच काउंटरवर विचारून बघा.

ऑफिसमधल्या मुलीला मी सांगितलंय, त्या बाईंना आज परत फोन कर, माफी माग आणि शनिवारी आपण तिघी काकांकडे जाऊ, त्यांची नजर आता अधू झालीये पण भिंग अजून हातात स्थिर धरतात. अंगठी बघून काही चुकीचं निघालं तर मीच नको म्हणेन.

आणि ज्यांच्याकडे जुनी अंगठी पडून आहे आणि ती मोडीत घालायचं चाललंय त्यांच्यासाठी एकच. दुकानात “हिऱ्याचं काही येत नाही” म्हणाले तर वाद घालू नका, शांतपणे सांगा की मग खडा काढून मला परत द्या. तुमच्यासमोर काढायला लावा, तिथल्याच काट्यावर सेंटमध्ये तोलून घ्या, आणि पुडीवर वजन आणि तारीख लिहून घरी आणा.